घटक ४ : संत ऑगस्टीन – युगान्ताच्या छायेतील आशा

४.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला –
• संत ऑगस्टीन यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• जगाच्या अंताविषयीची त्यांची भूमिका कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत घडली, हे स्पष्ट करता येईल.
• भय आणि आशा यांतील त्यांनी केलेला भेद स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्राचा अभ्यास करताना व्यक्तीच्या आयुष्यातील घटना आणि तिचा विचार यांचा परस्परसंबंध शोधावा लागतो. विचार हा पोकळीत जन्मत नाही. तो दुःखातून, प्रश्नांतून आणि काळाच्या रेट्यातून आकार घेतो. या दृष्टीने अभ्यासण्याजोगे एक चरित्र म्हणजे संत ऑगस्टीन यांचे होय.

प्रलय, कलियुगाचा शेवट या कल्पना तुमच्या परिचयाच्या आहेत. ख्रिस्ती परंपरेत येशू ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय आणि नव्या सृष्टीचा आरंभ अशी युगान्ताची कल्पना आहे. आरंभीचे ख्रिस्ती लोक या घटनेची उत्कंठेने वाट पाहत असत. पुढे मात्र या प्रतीक्षेत भयाचा अंश वाढत गेला. युद्ध, दुष्काळ किंवा ग्रहण आले की अंत जवळ आला, असे लोकांना वाटू लागे. ऑगस्टीन यांच्या हयातीत तर रोमसारखे महानगर लुटले गेले. अशा वेळी आपल्या लोकांना काय सांगावे, हा प्रश्न एका धर्मगुरूपुढे उभा राहिला. त्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर हा या घटकाचा गाभा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बालपण आणि शोधाची वर्षे

ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. आज हे ठिकाण अल्जीरियात असून सूक अहरास या नावाने ओळखले जाते. वडील पात्रिसियस हे मध्यम स्थितीतील जमीनधारक होते व आयुष्याच्या अखेरीसच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई मोनिका मात्र निष्ठावंत ख्रिस्ती होती. मुलाने विद्वान व्हावे ही दोघांचीही इच्छा होती. त्यासाठी त्याला कार्थेज येथे पाठवण्यात आले.

कार्थेजमध्ये ऑगस्टीन वक्तृत्वशास्त्र शिकले. तेथेच एका स्त्रीशी त्यांचे सहजीवन सुरू झाले आणि अदेओदातुस हा मुलगा जन्मला. सिसेरो यांचा एक ग्रंथ वाचून त्यांच्या मनात सत्याच्या शोधाची ओढ निर्माण झाली. या ओढीने त्यांना प्रथम मानी पंथाकडे नेले. विश्व म्हणजे प्रकाश आणि अंधार या दोन तत्त्वांचा संघर्ष, असे हा पंथ मानत असे. सुमारे नऊ वर्षे ते या पंथाचे अनुयायी होते. याच काळात थागास्ते येथील त्यांचा जिवलग मित्र तापाने वारला. त्या मृत्यूने ते इतके खचले की गाव सोडून पुन्हा कार्थेजला गेले. ज्या माणसावर जीव जडवला तो नाहीसा होताच सारे जग अंधारते, हा अनुभव त्यांनी पुढे सविस्तर लिहिला आहे. आशा कशावर ठेवावी, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात येथे प्रथम उभा राहिलेला तुम्हाला दिसेल.

४.३.२ परिवर्तन आणि मोनिकेचा मृत्यू

३८३ मध्ये ते रोमला आणि पुढील वर्षी मिलानला गेले. मिलान येथे त्यांना वक्तृत्वाचे मानाचे अध्यापकपद मिळाले. तेथील बिशप आंब्रोझ यांच्या प्रवचनांचा आणि नव-प्लेटोवादी ग्रंथांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. ३८६ मध्ये एका बागेत तीव्र अंतर्गत संघर्षानंतर त्यांचे मनःपरिवर्तन झाले. ३८७ च्या ईस्टरला आंब्रोझ यांच्या हस्ते त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला.

आफ्रिकेला परतण्यासाठी ते रोमजवळच्या ओस्तिया बंदरात थांबले असता मोनिका आजारी पडली व तेथेच मरण पावली. तेव्हा तिचे ५६ वे वर्ष चालू होते. पतीच्या शेजारी आपले दफन व्हावे, अशी तिची पूर्वीपासूनची इच्छा होती व तशी जागाही तिने राखून ठेवली होती. परंतु अखेरच्या आजारात ती या इच्छेपासून मुक्त झाली. मायदेशापासून इतक्या दूर देह ठेवण्याचे भय वाटत नाही का, असे कोणी विचारले तेव्हा तिने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता : देवाला कोणतेही ठिकाण दूर नाही, युगाच्या शेवटी आपल्याला कोठून उठवायचे, हे तो विसरेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

हा प्रसंग नीट लक्षात घ्या. युगान्ताविषयी ऑगस्टीन यांनी पुढे मोठमोठे ग्रंथ लिहिले. परंतु त्या विचाराचे बीज आईच्या या साध्या विश्वासात आढळते. मोनिकेच्या दृष्टीने शेवटचा दिवस म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्याने आपल्याला पुन्हा हाक मारण्याचा दिवस होता. काही वर्षांतच अदेओदातुसही किशोरवयात मरण पावला. ऑगस्टीन यांच्या आशेमागे मित्र, आई आणि मुलगा अशा तीन मृत्यूंचा अनुभव आहे, हे विसरून चालणार नाही.

४.३.३ हिप्पोचे बिशप आणि रोमची लूट

३९१ मध्ये हिप्पो या बंदराच्या नगरात ते गेले असता तेथील लोकांनी आग्रह धरून त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला लावली. काही वर्षांत ते तेथील बिशप झाले आणि अखेरपर्यंत त्याच पदावर राहिले. ‘कबुलीजबाब’ या अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा आत्मपर ग्रंथ याच काळातला. मराठीत बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ने धर्मांतराच्या आत्मकथनाची वाट उघडली. पाश्चात्त्य वाङ्मयात अशा लेखनाचा आद्य नमुना म्हणून ऑगस्टीन यांच्या ग्रंथाकडे पाहिले जाते.

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या नेतृत्वाखाली व्हिसिगॉथ सैन्य रोममध्ये शिरले. तीन दिवस नगर लुटले गेले. राजकीय दृष्ट्या तेव्हा रोम ही राजधानी राहिली नव्हती. तरीही लोकांच्या मनात रोम म्हणजेच जगाची व्यवस्था होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर निर्वासित उतरू लागले. जुन्या देवतांना सोडल्याने ही आपत्ती आली, असा आरोप एका बाजूने झाला. दुसऱ्या बाजूने अनेक ख्रिस्ती लोकांनाच वाटू लागले की, आता जगाचा शेवट झाला.

ऑगस्टीन यांनी या काळात दिलेली प्रवचने वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी आपत्ती लहान करून सांगितली नाही, तशी ती युगान्ताची खूण म्हणूनही मिरवली नाही. जग म्हाताऱ्या माणसासारखे झाले आहे, त्याला खोकला, दुर्बलता आणि दृष्टिमांद्य यायचेच, अशा आशयाचा दृष्टान्त त्यांनी दिला. मात्र म्हाताऱ्या जगाला चिकटून न राहता ख्रिस्तात नवे होता येते, हे त्या दृष्टान्ताचे तात्पर्य होते. ऑलिव्हच्या घाण्याचा दृष्टान्तही त्यांना प्रिय होता. घाण्यातला दाब सर्व फळांवर सारखाच पडतो. त्यातून चोथ्याचे काळे पाणी वाहते आणि तेलही निथळते. संकट तेच असते, पण त्यातून माणूस काय होऊन बाहेर पडतो हे महत्त्वाचे ठरते.

४१३ मध्ये त्यांनी ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. २२ खंडांचे हे लेखन ४२६ च्या सुमारास पूर्ण झाले. मानवी इतिहासात दोन नगरे एकमेकांत मिसळून वाटचाल करतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे. एका नगराचा पाया स्वार्थी आत्मप्रेम हा आहे, तर दुसऱ्याचा देवावरील प्रेम हा आहे. कोणतेही साम्राज्य म्हणजे देवाचे नगर नव्हे. म्हणूनच एखादे साम्राज्य कोसळले तरी आशा कोसळत नाही.

४.३.४ काळाचा हिशेब करणाऱ्यांना उत्तर

त्या काळी बायबलमधील वंशावळींवरून जगाचे वय मोजून ६००० वर्षे पूर्ण होताच अंत होईल, असे मानणारे बरेच होते. प्रकटीकरण या पुस्तकातील हजार वर्षांच्या राज्याचा शब्दशः अर्थ काही जण घेत. ऑगस्टीन यांनीही तरुणपणी तशा अर्थाला अनुकूलता दाखवली होती. पुढे मात्र हजार वर्षे म्हणजे ख्रिस्तसभेचा संपूर्ण वर्तमानकाळ, असा प्रतीकात्मक अर्थ त्यांनी स्वीकारला. वर्षे मोजणाऱ्यांनी आपली बोटे मोकळी सोडावीत, असे त्यांनी काहीशा विनोदाने सुचवले आहे.

या संदर्भात त्यांचा एक पत्रव्यवहार विशेष अभ्यासनीय आहे. सलोना (आजच्या क्रोएशियात) येथील बिशप हेसिकियस यांना काळाची चिन्हे पूर्ण होत आल्यासारखी वाटत होती. ४१८ मध्ये मोठे सूर्यग्रहणही झाले होते. ऑगस्टीन यांनी त्यांना विस्तृत उत्तर लिहिले. युद्धे आणि ग्रहणे पूर्वीही झाली आहेत. शिवाय शुभवर्तमान सर्व राष्ट्रांपर्यंत पोहोचलेले नाही; खुद्द आफ्रिकेतच ते न ऐकलेल्या जमाती आहेत, असे त्यांनी दाखवून दिले.

या पत्रात त्यांनी धन्याची वाट पाहणाऱ्या तीन सेवकांचे उदाहरण घेतले आहे. एक म्हणतो, धनी लवकर येईल. दुसरा म्हणतो, उशिरा येईल. तिसरा म्हणतो, केव्हा येईल ते मला ठाऊक नाही. तिघांचेही धन्यावर प्रेम आहे आणि तिघेही जागे आहेत. पहिल्याचे बोलणे सर्वांना हवेसे वाटते. पण ते खोटे ठरले तर ऐकणाऱ्यांचा धन्याच्या येण्यावरचाच विश्वास उडण्याचा धोका असतो. दुसऱ्याचा अंदाज चुकला तर निदान आनंद होतो. तिसरा मात्र पहिल्याची गोष्ट खरी व्हावी अशी इच्छा धरतो, दुसऱ्याची गोष्ट सोसण्याची तयारी ठेवतो आणि आपले अज्ञान कबूल करीत असल्याने कोठेच चुकत नाही. ऑगस्टीन यांचा कल या तिसऱ्याकडे आहे. तारीख सांगण्याचा मोह आवरणे हा त्यांच्या मते आशेचाच भाग आहे.

४.३.५ भयाचे दोन प्रकार

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. ऑगस्टीन अंतिम न्याय आणि शाश्वत शिक्षा मानत होते. मग त्यांना आशेचे भाष्यकार कसे म्हणावे? या शंकेचे उत्तर त्यांनी केलेल्या भेदात आहे. दोन पत्नींचे पती परगावी गेले आहेत, असे ते सुचवतात. एक व्यभिचारिणी आहे. पती परत येईल याची तिला भीती वाटते. दुसरी पतिव्रता आहे. पती दुरावेल याची तिला भीती वाटते. दोघींनाही भय वाटते, पण पहिलीचे भय शिक्षेचे आहे, तर दुसरीचे प्रेमातून आलेले आहे. शिक्षेचे भय ते निरुपयोगी मानत नाहीत. सुई कापडात शिरते म्हणून मागून दोरा येतो, त्याप्रमाणे हे भय प्रेमाला वाट करून देते. परंतु सुईने कायम कापडात राहायचे नसते. ज्याच्यावर प्रेम आहे असे आपण म्हणतो, त्याच्याच येण्याला भ्यावे हे विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणूनच ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ शिक्षेच्या वर्णनावर संपत नाही. शिक्षेचा विचार एकविसाव्या खंडात येतो. शेवटचा बाविसावा खंड शाश्वत विश्रांती आणि आनंद यांना वाहिलेला आहे.

४.३.६ वेढ्यातील अखेर

४२९ मध्ये व्हँडल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या. गावे जळू लागली. बिशपांनी पळून जावे काय, असा प्रश्न होनोरातुस नावाच्या बिशपने विचारला. लोक मागे राहिलेले असताना त्यांच्या सेवकांनी पळू नये, असा ऑगस्टीन यांचा निर्वाळा होता. ते स्वतः हिप्पोतच राहिले. ४३० च्या उन्हाळ्यात नगराला वेढा पडला.

वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात त्यांना ताप आला. त्यांचे सहकारी व चरित्रकार पोसिदियस यांनी नोंदवल्याप्रमाणे, पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती. ती वाचून ते रडत असत. अखेरचे सुमारे दहा दिवस त्यांनी एकान्तात प्रार्थनेत घालवले. २८ ऑगस्ट ४३० रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे संपत्ती नसल्याने त्यांनी मृत्युपत्र केले नाही.

या अश्रूंचा अर्थ कसा लावाल? ते भयाचे होते, असे वरवर वाटू शकते. पण ज्याने वेढ्यातील नगर सोडले नाही, त्याचे जीवन भयाने चालले होते असे म्हणता येत नाही. आपल्या उणिवा मान्य करणे आणि तरीही क्षमेवर भरवसा ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या आशेत एकत्र होत्या.

त्यांच्या नियमावलीनुसार चालणाऱ्या संन्यासी संघाने पुढे जुन्या गोव्यात मठ आणि चर्च उभारले. त्या चर्चचा पडका मनोरा आजही तेथे पाहावयास मिळतो.

४.४ सारांश

ऑगस्टीन यांच्या विचारात जगाचा अंत नाकारलेला नाही, तसेच त्याचे वेळापत्रकही दिलेले नाही. वैयक्तिक वियोग, रोमची लूट आणि हिप्पोचा वेढा यांतून जाताना त्यांनी तीन गोष्टी धरून ठेवल्या : कोणतीही मानवी सत्ता अंतिम नाही, अंताची वेळ माणसाला ठाऊक नाही, आणि जो येणार आहे तो परका नाही. यातील तिसऱ्या गोष्टीमुळे त्यांच्या प्रतीक्षेत भयापेक्षा आशा अधिक ठरते. अशी आशा माणसाला जगापासून पळवत नाही. ती त्याला नेमून दिलेल्या कामावर टिकवून ठेवते.

४.५ शब्दार्थ

युगान्त – युगाचा, जगाच्या चालू व्यवस्थेचा शेवट.
पुनरुत्थान – मृत्यूनंतर पुन्हा उठवले जाणे.
ख्रिस्तसभा – ख्रिस्ती श्रद्धावंतांचा समुदाय, चर्च.
निर्वाळा – निश्चित मत.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. मोनिकेच्या अखेरच्या आजारातील प्रसंगाचे युगान्तविचाराच्या दृष्टीने महत्त्व सांगा.
२. तीन सेवकांच्या उदाहरणातून ऑगस्टीन यांना काय सुचवायचे आहे?
३. भयाच्या दोन प्रकारांतील भेद स्पष्ट करून तो तुम्हाला पटतो का, ते सकारण लिहा.
४. तुमच्या परिसरात संकटकाळी जगबुडीच्या वार्ता पसरल्याचे तुम्ही ऐकले असेल. अशा वार्तांकडे पाहण्याची ऑगस्टीन यांची पद्धत कितपत उपयुक्त ठरेल, यावर सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.