पिरॅमिड मोजणारा माणूस

मॅप रीडिंगच्या तासाला आमच्या गटाने एक लबाडी केली. फॉरवर्ड बेअरिंग २१२ अंश आलं, म्हणजे बॅक बेअरिंग ३२ यायला हवं. आलं ३६. आम्ही वहीत ३२ लिहिलं. उस्तादांनी बरोबरची खूण केली. त्याच आठवड्यात लायब्ररीत मी फ्लिंडर्स पेट्री यांच्याविषयी वाचलं आणि ती खूण बोचायला लागली.

पेट्री यांचा जन्म १८५३ साली लंडनजवळ झाला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा करणारे नौदल अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स हे त्यांच्या आईचे वडील. तब्येत नाजूक म्हणून पेट्री शाळेत गेलेच नाहीत. (पहाटेची पीटी नाही! मला हेवा वाटला.) मोजणी त्यांना वडिलांनी शिकवली. बापलेकांनी मिळून स्टोनहेंजची मोजणी केली.

तेरा वर्षांचे असताना त्यांच्या हाती पियाझी स्मिथ यांचं पुस्तक आलं. स्मिथ हे स्कॉटलंडचे मोठे खगोलशास्त्रज्ञ. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये ईश्वरी मापं दडली आहेत आणि त्याच्या पायाच्या एका बाजूत वर्षाचे दिवस मोजून बसवले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पेट्री यांच्या वडिलांचा यावर विश्वास होता, मुलाचाही बसला. पण हा हिशेब जुळायला बाजू सुमारे ९,१४० इंच हवी.

ते नक्की करायला पेट्री डिसेंबर १८८० मध्ये गिझाला पोहोचले. वडीलही येणार होते, पण आले नाहीत. खडकात कोरलेल्या एका जुन्या थडग्यात पेट्री यांनी बिऱ्हाड थाटलं. मदतीला अली गबरी होते, त्यांनी पूर्वी स्मिथ यांच्याबरोबरही काम केलं होतं. बघे प्रवासी त्रास देत, म्हणून पेट्री गुलाबी बनियन आणि चड्डीवर काम करत. लोक लांबूनच परत फिरत! पायाचे कोपरे ढिगाऱ्याखाली होते. थिओडोलाइट लावून त्यांनी तिन्ही पिरॅमिडांभोवती त्रिकोणांचं जाळं टाकलं आणि तीच मापं पुन्हा पुन्हा घेतली.

बाजू भरली सरासरी ९,०६८.८ इंच. जवळजवळ सहा फूट कमी. ज्या कल्पनेसाठी ते एवढ्या लांब आले होते, ती संपली. आकडा तोच ठेवून त्यांनी १८८३ साली पुस्तक छापलं.

मला जास्त आवडलं ते पुढचं. ईश्वरी मापं गेली आणि तिथे माणसं दिसायला लागली. बाहेरच्या चुनखडीच्या दगडांमधली फट सरासरी इंचाचा पन्नासावा भाग. ग्रॅनाइटवर करवतीच्या आणि पोकळ नळीच्या गिरमिटाच्या खुणा. राजाच्या दगडी शवपेटीवर तर करवत चुकून जास्त खोल गेल्याची आणि कारागिराने ती मागे घेतल्याची खूण त्यांना सापडली. साडेचार हजार वर्षांपूर्वीची चूक, अजून तशीच! नाईलच्या पुरात शेतं बुडाली की शेतकरी रिकामे होत, दगड वाहण्याचं काम त्याच महिन्यांत होत असावं, असाही तर्क त्यांनी मांडला.

१८९२ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १९४२ मध्ये जेरुसलेमला वारले.

रविवारी मी उस्तादांना वहीतला खरा आकडा सांगितला. शिक्षा म्हणून मैदानाच्या तीन फेऱ्या मिळाल्या. मग त्यांनी मला त्याच जागी नेऊन उभं केलं आणि पाठीमागे बघायला सांगितलं. मी लोखंडी गोलपोस्टला टेकून कंपास धरला होता.