विश्लेषण : मोबाइलवरील व्यक्तिमत्त्व चाचणीची चार अक्षरे आली कुठून? कार्ल युंग कोण होते आणि ते मराठवाड्यात कशासाठी आले होते?

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमध्ये अकरावीचा प्रवेश आणि क्लासची निवड अशी दुहेरी धावपळ सुरू होते. सायन्स घ्यायचे की कॉमर्स, नीट की जेईई, याचा निर्णय घरोघरी काही दिवसांत होतो. या धावपळीत आता मोबाइलवरच्या व्यक्तिमत्त्व चाचणीची भर पडली आहे. दहा-पंधरा मिनिटे प्रश्नांची उत्तरे दिली की स्क्रीनवर चार अक्षरे येतात. कुणी आयएनटीजे ठरतो, कुणी ईएसएफपी. खाली त्या प्रकाराला शोभणाऱ्या करिअरची यादीही असते.

या अक्षरांच्या मुळाशी कार्ल गुस्ताव युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाचा सिद्धांत आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही माणसाची विभागणी जगभर पोहोचली ती त्यांच्यामुळे. हेच युंग १९३७ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात येऊन गेले होते आणि आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांचे आयुष्य पाहिले, तर या चाचण्यांवर किती विसंबायचे याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते.

शाळेला घाबरणारा मुलगा

युंग यांचा जन्म २६ जुलै १८७५ रोजी स्वित्झर्लंडमधील केसविल या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते आणि घरची परिस्थिती बेताची होती. आईची प्रकृती बरी नसे, काही काळ तिला रुग्णालयातही राहावे लागले. लहानगा कार्ल एकटाच खेळायचा. त्याने लाकडाची एक छोटी बाहुली कोरली होती आणि ती पेटीत घालून माळ्यावर लपवून ठेवली होती.

बाराव्या वर्षी शाळेतल्या एका मुलाने त्याला ढकलले आणि तो डोक्यावर पडला. त्यानंतर अभ्यासाला बसवले किंवा शाळेत पाठवायचे म्हटले की त्याला चक्कर येऊ लागली. काही महिने शाळा बुडाली. डॉक्टरांना नेमके कारण सापडेना. एक दिवस वडील पाहुण्यांशी बोलत असताना त्याने ऐकले, की हा मुलगा बरा झाला नाही आणि स्वतःच्या पायावर उभा राहू शकला नाही तर त्याचे कसे होणार, या काळजीने ते खचले आहेत. कार्ल तडक उठून पुस्तक घेऊन बसला. पुन्हा चक्कर आली, तरी तो उठला नाही. काही आठवड्यांनी तो शाळेत परतला. मनाची भीती शरीरातून कशी बोलते, हा पुढे त्यांच्या कामाचाच विषय झाला.

मनाचे मोजमाप स्टॉपवॉचने

बाझेल विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत असताना १८९६ मध्ये वडील वारले. नातेवाइकांच्या मदतीने शिक्षण पूर्ण करून युंग १९०० च्या अखेरीस झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांनी शब्द-साहचर्य चाचणीवर काम केले. रुग्णाला एकेक शब्द ऐकवायचा, त्यावर सुचलेला पहिला शब्द त्याने सांगायचा आणि उत्तराला लागलेला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. एखाद्या शब्दाला उत्तर अडखळले, तर तिथे मनात काहीतरी गुंता आहे असे समजायचे. म्हणजे युंग यांना चाचण्यांचे वावडे नव्हते. त्यांचे नाव झाले तेच चाचणीमुळे.

याच कामामुळे व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी त्यांचा संबंध आला. १९०७ मध्ये दोघांची पहिली भेट झाली, ती कित्येक तास चालली. फ्रॉइड त्यांच्याकडे आपला वारस म्हणून पाहू लागले. १९०९ मध्ये दोघे मिळून अमेरिकेला व्याख्यानांसाठी गेले. मात्र मनाच्या मुळाशी लैंगिक प्रेरणाच असते, हा फ्रॉइड यांचा आग्रह युंग यांना पटेना. १९१३ मध्ये दोघांचे संबंध तुटले.

अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी का केली?

फ्रॉइड आणि त्यांच्यापासून आधीच वेगळे झालेले आल्फ्रेड आडलर हे दोघे एकाच प्रकारच्या रुग्णाकडे पाहून अगदी वेगळे निष्कर्ष काढत. दोघेही हुशार आणि अनुभवी. मग फरक कुठून येतो, हा युंग यांच्यापुढचा प्रश्न होता. पाहणाऱ्याच्या स्वभावातच फरक आहे, असे उत्तर त्यांना सापडले. काहींच्या मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडे आणि वस्तूंकडे असतो, तर काहींचा स्वतःच्या आतल्या अनुभवाकडे.

१९१५-१६ मध्ये त्यांनी हान्स श्मिड-गिझान या बहिर्मुख स्वभावाच्या मित्राशी या विषयावर लांबलचक पत्रव्यवहार केला. दोन्ही स्वभावांनी एकमेकांना समजून घ्यावे हा हेतू होता, पण शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

१९२१ मध्ये त्यांचा मानसशास्त्रीय प्रकारांवरील ग्रंथ जर्मनमध्ये आला. अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन वृत्ती, तर विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रेरणा ही मनाची चार कार्ये त्यात मांडली होती. त्यांच्या जोड्यांतून आठ प्रकार होतात. सुख-दुःख, शीत-उष्ण अशा द्वंद्वांपलीकडे जाण्याचा भारतीय विचारही त्यात चर्चेला आला आहे.

या मांडणीत एक गोष्ट महत्त्वाची होती. युंग यांच्या मते कुणीही माणूस निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख नसतो. जी बाजू वापरात नाही ती मनात दबलेली असते आणि वाढत्या वयात तिला जागा करून देणे हे माणसाचे काम असते. माणसांवर चिठ्ठ्या चिकटवण्यासाठी या प्रकारांचा वापर करणे त्यांना पोरखेळ वाटे आणि तसे त्यांनी पुढे स्पष्टपणे मांडलेही.

मग सोळा प्रकारांची चाचणी कुणी केली?

ती युंग यांनी केलेली नाही. १९२३ मध्ये त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज यांच्या वाचनात आला. त्यांनी आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कामावर येणाऱ्या लोकांना, विशेषतः स्त्रियांना, आपल्याला जमेल असे काम शोधता यावे हा त्यांचा उद्देश होता. युंग यांच्या मांडणीला त्यांनी आणखी एक जोडी जोडली : आयुष्य आखून जगणारे आणि प्रसंग येईल तसे जगणारे. अशा चार जोड्यांतून सोळा प्रकार झाले. हीच मायर्स-ब्रिग्ज चाचणी, म्हणजे एमबीटीआय. मोबाइलवरच्या बहुतेक मोफत चाचण्या तिच्या धर्तीवर बेतलेल्या आहेत.

युंग भारतात का आले?

भारतीय विज्ञान परिषदेचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात होते. त्यासाठी ब्रिटिश सरकारच्या निमंत्रणावरून युंग डिसेंबर १९३७ मध्ये मुंबईत उतरले. तेव्हा त्यांचे वय ६२ होते. मुंबईहून ते हैदराबादला आणि पुढे औरंगाबाद परिसरात वेरूळ-अजिंठा पाहायला गेले. हा सगळा मुलूख निजामाचा. नांदेड हा त्याच संस्थानातला जिल्हा होता, तर लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. पुढे सांची, आग्रा, बनारस करत ते कलकत्त्याला पोहोचले. तिथे आमांशाने आजारी पडून त्यांना सुमारे दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. बनारस आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्यांना मानद पदव्या दिल्या. कोणार्क, मद्रास आणि सिलोन पाहून ते परतले.

परतल्यावर १९३९ मध्ये त्यांनी भारतावर दोन लेख लिहिले. भारतीय माणूस युरोपियनांसारखा विचार करत नाही, तर विचार त्याला जणू दिसतो, असा त्यांचा सूर होता. लेखांत कौतुक होते, पण घोळही तिथेच होता. अनेक भाषा, धर्म आणि जातींच्या देशाला काही आठवड्यांच्या प्रवासावरून एकच स्वभाव बहाल केला गेला. माणसांवर चिठ्ठ्या चिकटवू नयेत असे मानणाऱ्या युंग यांनीच एका अख्ख्या देशावर चिठ्ठी चिकटवली.

याहून गंभीर आक्षेप जर्मनीबाबतचा आहे. नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३३ मध्ये युंग यांनी जर्मनीत मुख्यालय असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि त्याच काळात ज्यू व जर्मन मनांमधील फरकावर लिखाण केले. ज्यू सदस्यांना संघटनेत जागा राहावी म्हणून आपण ते पद घेतले, असा त्यांचा बचाव होता. त्यांच्या टीकाकारांना तो आजही मान्य नाही. माणसांचे गट पाडून त्यांचे स्वभाव ठरवण्याचा मोह कुठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

आशियात या चाचण्यांचे काय झाले?

जपानमध्ये ताकेजी फुरुकावा यांनी १९२७ मध्ये रक्तगट आणि स्वभाव यांचा संबंध जोडला. १९७० च्या दशकात मासाहिको नोमी यांच्या पुस्तकांनी ही कल्पना घरोघरी नेली. तिला शास्त्रीय आधार नाही. तरीही रक्तगट विचारून माणसाचा स्वभाव ठरवला जातो आणि त्यावरून होणाऱ्या त्रासासाठी जपानीत वेगळा शब्दच रूढ झाला आहे. दक्षिण कोरियात अलीकडच्या काळात एमबीटीआयची लाट आली. ओळख करून घेताना, जोडीदार शोधताना आणि काही ठिकाणी नोकरीच्या अर्जातही चार अक्षरे विचारली जाऊ लागली.

हाँगकाँगच्या मानसशास्त्रज्ञ फॅनी चेउंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. पाश्चात्त्य चाचणीचे नुसते भाषांतर न करता त्यांनी चिनी समाजासाठी स्वतंत्र चाचणी तयार केली. समोरच्याची आब राखणे, नात्यांतील देणे-घेणे, घरातला सलोखा अशा बाबी पाश्चात्त्य चाचण्यांत पुरेशा येत नाहीत, हे त्यातून पुढे आले.

महाराष्ट्रातही याला जुना दाखला आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून घेतली आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. ती चाचणी व्यक्तिमत्त्वाची नव्हती, पण बाहेरून आलेली प्रश्नावली इथल्या मुलांवर आधी तपासून घ्यावी लागते, हे तत्त्व तेच आहे.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ काय?

पहिली अडचण भाषेची. नांदेड जिल्ह्यात मराठीबरोबर उर्दू, तेलुगू आणि बंजारा बोलणारी घरे आहेत, तर उदगीर-देवणी-निलंगा पट्ट्यात कन्नडही ऐकू येते. प्रश्न मात्र इंग्रजीतून किंवा त्याच्या कच्च्या भाषांतरातून येतात. पार्टीत तुम्ही अनोळखी लोकांशी बोलता का, या प्रश्नाला गावातल्या मुलीचे उत्तर तिच्या स्वभावापेक्षा घरच्या शिस्तीवर अवलंबून असू शकते. मोठ्यांसमोर कमी बोलणे हा संस्कार असतो. चाचणी त्याला अंतर्मुखता समजते.

दुसरी अडचण गणिताची. समजा, एका जोडीसाठी २० प्रश्न आहेत. एका विद्यार्थ्याची ११ उत्तरे बहिर्मुख बाजूची आली, दुसऱ्याची ९ आणि तिसऱ्याची २०. पहिला आणि तिसरा एकाच प्रकारात पडतात, पहिला आणि दुसरा वेगळ्या. प्रत्यक्षात पहिले दोघे जवळपास सारखेच आहेत. बहुतेक माणसे अशी मधल्या भागातच असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, की अनेकांचे एखादे अक्षर बदलते.

तिसरी अडचण वापराची. मायर्स-ब्रिग्ज चाचणी कल सांगते, क्षमता नाही. अंतर्मुख आल्यामुळे वकिली जमणार नाही किंवा बहिर्मुख आल्यामुळे संशोधन झेपणार नाही, असे त्यातून ठरत नाही. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी झाली, पण तिचा भर आवडीच्या क्षेत्रांवर होता. ती मराठीतूनही देता येत होती आणि प्रवेशासाठी तिचे बंधन नव्हते.

चाचणी द्यायचीच असेल तर काय पाहावे?

चाचणी आपल्या भाषेत आहे का आणि भारतीय विद्यार्थ्यांवर तपासलेली आहे का, हे आधी विचारावे. अक्षरांऐवजी प्रत्यक्ष गुण मागावेत, म्हणजे आपण काठावर आहोत की टोकाला, ते कळते. निकाल मोबाइलवरून न घेता प्रशिक्षित समुपदेशकाकडून समजून घ्यावा. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी द्यावी आणि निकाल बदलला तर त्यावर शाखा ठरवू नये.

युंग यांचे निधन ६ जून १९६१ रोजी झुरिकजवळच्या कुसनाख्त येथे झाले. त्यांच्या नावाशी जोडली गेलेली चाचणी पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने प्रकाशित केली. तेव्हाही ती संशोधनापुरतीच मर्यादित होती.