बारशाची पंगत

संत गाडगेबाबांचे चरित्र सांगताना खराटा, फुटके गाडगे आणि चिंध्यांचा अंगरखा यांचेच वर्णन प्रथम येते. आमच्या मते या चरित्राचा खरा आरंभ त्याआधीचा आहे. तो एका तान्ह्या मुलीच्या बारशाच्या पंगतीत आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुळात झाला. वडील झिंगराजी दारूच्या पायी गेले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचाही झाला नव्हता. घर मोडले, आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी मामाची गुरे राखू लागला, नांगर धरू लागला, पूर्णेच्या पुरात पोहू लागला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. मामाची काळीभोर जमीन सावकाराच्या घशात गेली, तीही अक्षरशत्रुत्वामुळेच. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नव्हते. दारूने बाप नेला, कर्जाने मामा खचला. पुढे पन्नास वर्षे बाबा कीर्तनांतून ज्या दोन गोष्टींवर तुटून पडत राहिले, त्या त्यांनी स्वतःच्या घरातच पाहिल्या होत्या.

१८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. पहिल्या मुलीचे बारसे आले. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रसंगी भाऊबंदांना बोकड आणि दारू द्यावी लागे. कर्ज काढून दिली तरी चाले, पण चुकवली तर नाक कापले गेले असे समजत. डेबूजींनी त्या दिवशी गोडाची पंगत वाढली. मंडळी संतापली. रागापेक्षाही त्या माणसांची भीती आम्हांस अधिक ध्यानात घेण्यासारखी वाटते. दारूचा पेला चुकला याचे दुःख थोडे होते. आज याने रीत मोडली, उद्या आपल्या दारी काय करायचे, हा पेच मोठा होता. रूढी टिकते ती बहुधा अशा पेचावर. कोणालाच ती मनापासून नको असते, पण पहिले नाही म्हणण्याचे धाडस कोणापाशी नसते.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला, घरातले देव्हारे रिकामे केले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली. तरीही आम्ही लहान असताना आमच्या घरी कंदुरी होत असे. बोकड नवसाचा होता, नवस जुना होता, आणि तो फेडला नाही तर पाहुणे काय म्हणतील, एवढेच त्याचे कारण. आजोबांना बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत होत्या. ती कंदुरी अखेर आमच्या आईने बंद पाडली. त्या वर्षी अर्धे पाहुणे जेवायला आले नाहीत. म्हणून डेबूजींच्या त्या पंगतीचे मोल आम्ही जाणतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. या गृहत्यागाची थोरवी सर्वत्र गायली जाते, परंतु मागे राहिलेल्या कुंताबाई आणि वृद्ध सखूबाई यांनी काय सोसले, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. तो मांडला पाहिजे असे आम्हांस वाटते. १९२३ साली मुलगा गोविंदाही गेला.

गावात शिरताच बाबा प्रथम खराटा हाती घेत, दिवसा रस्ते झाडत आणि रात्री त्याच लोकांसमोर वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत. ते कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. देवाला बोकड कोण खातो, कर्ज काढून तीर्थाला का जाता, माणसाचा विटाळ कसा होतो, हे ते विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. पायांवर डोके ठेवू देत नसत. शिष्य केला नाही. जेवणाचे ताट विका, हातावर भाकरी खा, पण मुलाला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असे.

जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांच्यावर स्वतःच्या कुटुंबाचा हक्क त्यांनी ठेवला नाही. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना निवारा नसे, म्हणून चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. गाडगेबाबा विठ्ठलाच्या नावाचा गजर करीत राहिले, बाबासाहेबांनी तो धर्मच सोडला. हा भेद आम्ही झाकत नाही. पण यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू विद्येच्या कामी देऊन टाकणारा माणूस कीर्तनकारांत दुसरा आम्हांस आढळला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला महाविद्यालय काढले, त्याला नाव दिले ते या निरक्षर माणसाचे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. गाडगेबाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे, आजाराने थकलेले होते. त्यानंतर चौदाव्या दिवशी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात वाटेतच त्यांनी प्राण सोडला.