रापीपासून लेखणीपर्यंत : विल्यम केरी यांचे परमुलखातील पहिले वर्ष

वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस सुचविले. संत रोहिदासांचे चरित्र आपल्या समाजातील घराघरांत आबालवृद्धांस ठाऊक आहे. ते आमच्या लेखणीने पुन्हा सांगावे, असे नाही. म्हणून या वर्षी आम्ही अशा एका पुरुषाची कथा निवडली आहे, की जो आपल्या देशात जन्मला नाही, आपल्या धर्मात वाढला नाही, परंतु ज्याचे हात आपल्यासारखेच चामडे शिवून राठ झाले होते. त्याचे नाव विल्यम केरी.

ही कथा निवडण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. शिक्षकाची नोकरी करीत असता एके वर्षी आमच्या वर्गात आपल्याच समाजातील एक अतिशय बुद्धिमान मुलगा होता. हजेरीपटात पालकाचा धंदा लिहावयाची वेळ आली, की तो मान खाली घालून आपले वडील किरकोळ व्यापार करतात, असे सांगे. त्याचे वडील बाजाराच्या कोपऱ्यावर बसून जोडे दुरुस्त करीत, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही काही न बोलता तो सांगेल तसे लिहून घेत असू. आम्ही त्याची लाज राखली, असे तेव्हा आम्हांस वाटले. आज वाटते, की आम्ही त्याची लाज वाढविली.

विल्यम केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे हातमागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. लहानपणापासून विल्यमला त्वचेचा असा विकार होता, की तोंडावर व हातांवर ऊन पडले तर सहन होत नसे. शेतकाम करून पाहिले, ते जमले नाही. सावलीत बसून करावयाचा धंदा म्हणून चौदाव्या वर्षी वडिलांनी त्यास एका जोडे करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवले. ज्या मुलास इंग्लंडचे कोवळे ऊन सोसवत नव्हते, त्याने पुढे बंगालच्या उन्हात एकेचाळीस वर्षे काढली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

दुकानात बसून जोडे शिवीत असतानाच केरींनी ग्रीक, लॅटिन व हिब्रू या भाषा स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या. एका हातात रापी आणि समोर उघडे पुस्तक, असा त्यांचा क्रम असे. भिंतीवर त्यांनी कागद चिकटवून जगाचा मोठा नकाशा केला होता आणि त्यावर देशोदेशींची लोकसंख्या, धर्म व इतर माहिती लिहिलेली होती. चामड्याचे तुकडे जोडून त्यांनी पृथ्वीचा गोल शिवला होता, असेही सांगतात. जोड्यांचा व्यापार करणाऱ्या केटरिंग गावच्या एका गृहस्थाने त्यांची ही ज्ञानतृष्णा पाहिली, आणि जोडे शिवण्याऐवजी अभ्यास करावा, यासाठी दर आठवड्यास दहा शिलिंग देण्याचे मान्य केले. समाजातील चार पैसे बाळगून असणाऱ्या आमच्या बांधवांनी या गृहस्थाचा कित्ता अवश्य गिरवावा.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे केरी व त्यांचे काही मित्र यांनी परदेशांत धर्मप्रचारक पाठविण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. त्या दिवशी वर्गणीचे आकडे पडले, ते अवघे १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्या पुंजीवर हिंदुस्थानात जाण्याचे ठरले. सोबतीस जॉन टॉमस नावाचे शस्त्रवैद्य होते. ते पूर्वी बंगालमध्ये राहिलेले, बंगाली जाणणारे, मनाने उदार. परंतु हिशेबात ढिले आणि कर्जात बुडालेले होते.

पत्नी डोरोथी यांनी प्रथम येण्यास साफ नकार दिला. त्यांचे दिवस भरत आलेले, पदरी तीन मुलगे, आणि जन्मापासून त्या आपल्या परगण्याबाहेर फारशा पडलेल्या नव्हत्या. केरी थोरल्या मुलास घेऊन एका इंग्रजी जहाजावर चढले. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे सर्वांना वाटेतच उतरविण्यात आले. तोपर्यंत डोरोथी बाळंत झाल्या होत्या. पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण कॅथरिन सोबत येत असेल तर आपण येऊ, या अटीवर त्यांनी होकार दिला. १३ जून १७९३ रोजी डोव्हर बंदरातून एका डॅनिश जहाजाने ही मंडळी निघाली. पाच महिन्यांच्या प्रवासात टॉमस यांजकडून बंगालीचे धडे घेणे हाच केरींचा उद्योग होता.

११ नोव्हेंबर १७९३ रोजी ते कलकत्त्यास पोहोचले. परवाना नव्हता, म्हणून जहाज धक्क्यास लागण्यापूर्वीच ते लहान होड्यांत उतरले. भरतीची वाट पाहत वाटेत एका बाजाराच्या गावी थांबले असता टॉमस लोकांशी बंगालीत बोलू लागले. केरी बाजूस उभे राहून ऐकत होते. लोकांनी त्यांना केळीच्या पानावर भात व कालवण वाढले. या देशातील त्यांचे पहिले जेवण असे परक्यांच्या हातचे आणि प्रेमाचे झाले.

पुढील दिवस मात्र फार कठीण गेले. विकून पैसा उभा करावा म्हणून सोबत आणलेला माल टॉमस यांच्या हाती होता. त्याचे पैसे थोड्याच दिवसांत संपले. टॉमस कलकत्त्यात घर भाड्याने घेऊन वैद्यकी करू लागले. केरी आपले बिऱ्हाड घेऊन प्रथम हुगळीकाठी बांडेल येथे आणि तेथून माणिकतला येथे आले. तेथे नीलू दत्त नावाच्या एका बंगाली गृहस्थाने त्यांना आपल्या बागेतील लहानसे घर राहावयास दिले. डोरोथी व मोठी मुले अतिसाराने अंथरुणास खिळली. थोरल्या फेलिक्सची आशा सुटल्यासारखी झाली. टॉमस शहरात बऱ्या घरात राहतात आणि आपण असे दिवस काढतो, हे डोरोथी व कॅथरिन यांना सहन होत नसे, आणि त्या ते बोलून दाखवीत. केरी पैशासाठी शहरात पायी भटकत आणि रिकाम्या हाताने परत येत. परमुलूख, परकी भाषा, आजारी मुले, रुष्ट पत्नी आणि खिशात कवडी नाही, अशा स्थितीत त्या बत्तीस वर्षांच्या तरुणाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना संसारी वाचकांस सहज येईल. तरीही मुनशी रामराम बसू यांजकडे बंगाली शिकण्याचा नेम त्यांनी सोडला नाही.

सुंदरबनात देभट्टा येथे जमीन करावयास मिळेल, असे कळले, तेव्हा जबर व्याजाने कर्ज काढून फेब्रुवारी १७९४ मध्ये ते होडीने निघाले. तेथे कोणी ओळखीचे नव्हते, निवारा नव्हता. कंपनीच्या मिठाच्या खात्यात असलेले चार्ल्स शॉर्ट नावाचे एक इंग्रज गृहस्थ त्यांना भेटले. त्यांना धर्मप्रचाराविषयी काडीइतकीही आस्था नव्हती. पण उपाशी कुटुंब दारात पाहताच त्यांनी सर्वांना घरात घेतले व हवे तितके दिवस राहण्यास सांगितले. पुढे कॅथरिन यांचा विवाह याच गृहस्थांशी झाला. केरी नदीच्या पलीकडे रान तोडून झोपडी उभारू लागले. रानात वाघांचे भय इतके, की माणसे बळी पडत.

झोपडी पुरी होण्यापूर्वीच मालदा येथील जॉर्ज उडनी यांचे बोलावणे आले. मुडनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर देखरेख करावयाची आणि महिना २०० रुपये पगार. केरींनी ते काम पत्करले आणि इंग्लंडमधील मंडळीस कळविले, की आता आपणास वेतनाची आवश्यकता नाही. ते पैसे इतर कोणास पाठविण्यासाठी वापरावेत. आपल्यासाठी त्यांनी मागितले ते फक्त शेतीबागेची काही अवजारे व बियाणे. पैसा मिळू लागताच प्रथम इतरांचे ओझे हलके करणारी माणसे थोडी असतात.

परंतु दैवाने याच वर्षी सर्वांत मोठा घाव घातला. १७९४ च्या पावसाळ्यानंतर घरात ज्वर शिरला. केरी स्वतः अंथरुणावर होते, आणि तिसरा मुलगा पीटर, वय वर्षे पाच, अतिसाराने वारला. बापाने दफनाची व्यवस्था करू पाहिली, तो पेटी करावयास सुतार मिळेना, खड्डा खणावयास माणूस मिळेना. मृतदेहास हात लावला तर जात जाईल, हे भय सर्वांस होते. अखेर एकमेकांच्या आधाराने चार मुसलमान खणावयास तयार झाले. नंतर शव उचलावयास कोणी येईना. आजारी आईबापांनी स्वतःच ते उचलावे, असे ठरत होते; इतक्यात घरातील सफाईचे काम करणारा मेहतर आणि जातीबाहेर टाकलेला एक मुलगा पुढे झाले व त्यांनी ते बालक स्मशानापर्यंत नेले. ज्या चौघांनी खड्डा खणला, त्यांना गावाने वाळीत टाकले; केरींना मध्ये पडून तो बहिष्कार उठवावा लागला.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितला. ज्यांना गाव शिवत नव्हते, त्यांच्याच हातांनी त्या परदेशी बालकाची अंत्यसेवा झाली. आपल्या वाडवडिलांनी सोसलेली वागणूक ज्यांना आठवते, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

डोरोथी या दुःखातून कधीच सावरल्या नाहीत. १७९५ पासून त्यांचे चित्त भ्रमिष्ट झाले, पुढे त्यांना बंद खोलीत ठेवण्याची वेळ आली, आणि ८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचे निधन झाले. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांच्या पत्नींनी दिलेली किंमत बहुधा एका ओळीत आटोपली जाते. आम्हांस तसे करावयाचे नाही. केरींच्या निश्चयाचा गौरव करताना, त्या निश्चयाचा भार न मागता जिच्या खांद्यावर आला, त्या निरक्षर साध्वीपुढेही आम्ही नतमस्तक होतो. ध्येयाच्या मागे लागणाऱ्या तरुणांनी घरातील माणसांच्या मनाची विचारपूस आधी करावी, हा धडाही याच चरित्रात आहे.

पुढील वृत्तांत आम्ही थोडक्यात सांगतो. १८०० च्या जानेवारीत केरी डॅनिश अमलाखालील श्रीरामपूर येथे आले. मार्शमन व वॉर्ड हे सहकारी मिळाले, आणि तेथे छापखाना उभा राहिला. त्याचे अक्षरांचे खिळे पाडणारे पंचानन कर्मकार हे लोहार जातीचे कारागीर होते. सात वर्षांच्या खटपटीनंतर केरींचा पहिला अनुयायी झाला, तो कृष्ण पाल हा सुतार. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली व संस्कृत शिकवू लागले, आणि पुढे मराठीही. कधी शाळेच्या वरच्या वर्गात न बसलेला जोडे शिवणारा, महाविद्यालयात अध्यापक झाला. तेथील पगारातला बहुतेक भाग ते संस्थेस देऊन टाकीत.

महाराष्ट्रात त्यांचे पाऊल कधी पडले नाही. तरी मायमराठीवर त्यांचे ऋण आहे. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले, आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठीचा कोश प्रसिद्ध केला. या कामी पंडित वैजनाथ शर्मा यांचे साह्य होते, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १८१२ मध्ये छापखान्यास आग लागून अनेक वर्षांची हस्तलिखिते भस्मसात झाली; केरींनी पुन्हा पहिल्यापासून काम आरंभिले. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगालीत भाषांतरासाठी त्यांच्याकडे आला, तो दिवस रविवार होता. उपासनेचे काम दुसऱ्यावर सोपवून त्यांनी त्याच दिवशी भाषांतर पुरे केले. कारण विलंबात किती स्त्रियांचे प्राण जातील, याचा नेम नव्हता. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांनी देह ठेवला. मायदेशी ते एकदाही परतले नाहीत.

त्यांच्या धर्मप्रचाराविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. आम्हांस सांगावयाचे ते वेगळेच. गव्हर्नर जनरलच्या घरी मेजवानी चालली असता एका अधिकाऱ्याने, केरी पूर्वी जोडे करीत होते काय, असे त्यांना ऐकू जाईल अशा रीतीने विचारले, अशी हकीकत सांगतात. केरी शांतपणे म्हणाले, की आपण जोडे करणारेही नव्हतो. फक्त जुने जोडे दुरुस्त करीत होतो. सबंध मेजवानीत त्यांच्याइतकी उंच मान कोणाची राहिली नसेल.

ही हकीकत आम्हांस तेव्हा ठाऊक असती, तर हजेरीपट बाजूस ठेवून आम्ही ती त्या मुलास भर वर्गात सांगितली असती. ती संधी आम्ही गमावली. आमच्या वाचकांनी ती गमावू नये. आपल्या मुलांना शाळेत घालताना वडिलांचा अथवा आजोबांचा धंदा काय, हे त्यांना मोकळ्या आवाजात सांगावयास शिकवावे. धंदा कोणताही असो, त्यापुढे पुस्तक उघडे ठेवण्याचे काम तेवढे आपले आहे.