अण्णासाहेब कर्वे यांचा जमाखर्च

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. विधवांसाठी आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न, शंभरावर वर्षांचे आयुष्य. त्यांच्या घरच्या पैशाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. आमची सारी नोकरी बँकेत गेली, म्हणून असेल कदाचित, पण त्यांचे चरित्र वाचताना आमचे लक्ष वारंवार तिकडेच जाते.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी शेरवलीला. घर दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. घरची परिस्थिती बेताचीच. परीक्षेसाठी साताऱ्याला जायचे तर पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून हा मुलगा सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाटातून पायी गेला, शंभरावर मैल. तिथे साहेबाला तो वयाने लहान वाटला आणि परीक्षेला बसू दिले नाही. तसाच पायी परत. पुढे मॅट्रिक झाले, मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली गणित घेऊन ते बी. ए. झाले. शिकत असताना शिकवण्या करून खर्च भागवत होते, आणि नंतरही शाळा आणि शिकवण्या हेच उत्पन्न.

काटकसर इथपर्यंत सगळेच गरीब विद्यार्थी करतात. अण्णांचे वेगळेपण असे की हातात चार पैसे येऊ लागल्यावरही त्यांनी राहणी वाढवली नाही. मुरूडच्या सुधारणेसाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला आणि उत्पन्नातला ठरावीक भाग नेमाने बाजूला काढू लागले. खर्च होऊन उरेल ते नव्हे, आधी बाजूला आणि मग बाकीच्यात घर. उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचे खाते कधी भरत नाही, हे आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने पुष्कळ वर्षे पाहिले आहे. रांध्याला, सिल्वाशाला नोकरीसाठी आलेल्या आपल्या जुन्या मंडळींनीही पगार झाला की आधी गावची मनीऑर्डर आणि मग किराणा, असाच क्रम ठेवला होता.

1891 साली पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला महिना 75 रुपये मिळत. 1893 मध्ये त्यांनी मित्राची विधवा बहीण गोदूबाई हिच्याशी लग्न केले. त्याच आनंदीबाई, घरातल्या ‘बाया’. लग्नाबद्दल मुरूडने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड जमवला त्याच गावात स्वतःच्या घरी राहायची चोरी झाली.

1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला. अण्णांनी आपली शिल्लक त्यात घातली. आयुष्याचा विमा उतरवलेला होता, ती पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. इथे थोडे थांबायला हवे. घरात मुले लहान, मिळवते माणूस एक, आणि तोही समाजाने वाळीत टाकलेला. उद्या काही झाले तर बायामुलांना नातेवाईक उभे करणार नाहीत, हे स्पष्ट होते. बायांना हे पटले नव्हते आणि त्यांनी ते मनातही ठेवले नाही. नवराबायकोत यावरून खटके उडाले. विमा हा बायकोमुलांचा असतो, असे आम्ही कितीतरी ग्राहकांना समजावले असेल. तेव्हा या एका बाबतीत आमचे मत बायांच्या बाजूने पडते, महर्षींचा आदर पूर्ण ठेवून. काटकसर दोघांनी मिळून केली. पोटाला चिमटा दोघांनी घेतला, मग शिल्लक कुठे जावी हे एकट्याने का ठरवावे?

बाया नुसत्या रागावून बसल्या नाहीत. तान्हे मूल घेऊन त्या नागपूरला गेल्या आणि सुईणीचे शिक्षण घेतले, म्हणजे आपल्या हाताला काम असावे. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी संसाराची हकिगत मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या महिला मंडळाने ते एकदा जरूर वाचावे.

आश्रमासाठी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले. तिथे झोपडी उभी राहिली आणि 1900 साली आश्रम तिकडे गेला. रस्ता नावालाच होता, पावसाळ्यात सगळा चिखल. काही काळ अण्णांचे कुटुंब पुण्यातच होते. अण्णा कॉलेज संपले की आश्रमाचे सामान घेऊन पायी हिंगण्याला जात, रात्री शिकवत, तिथेच झोपत आणि सकाळी पुन्हा पायी कॉलेजला येत. टांगा केला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते पैसे त्यांना आश्रमाच्या पिठामिठाचे वाटत असावेत.

सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरणे. कोणी आणे दिले तरी घेत, कोणी दारातून परत पाठवले तरी पुढच्या दारी जात. 1916 ला महिला विद्यापीठ सुरू झाले, तेही अशाच लहान देणग्यांवर. सर विठ्ठलदास ठाकरसी यांचे 15 लाख 1920 मध्ये आले, तेव्हा मोठा आधार झाला. एवढी रक्कम संस्थेत आली तरी अण्णांच्या राहणीत फरक पडला नाही. सत्तरी उलटल्यावर ते युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेत संस्थेसाठी फिरून आले. 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवीन मंडळ काढले आणि पेन्शनीतून त्याला पैसे द्यायला लागले. त्या वयातही पुन्हा दारोदार.

मुले उघड्यावर पडली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. थोरले रघुनाथ ‘समाजस्वास्थ्य’ मासिकामुळे गाजले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आणि पॉलिसीवरून भांडणाऱ्या बाया? त्याही आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. 1950 मध्ये त्या गेल्या.

1958 मध्ये अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले, आणि वाढदिवसाला टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. किंमत 15 नवे पैसे. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते पुण्यात वारले.