जमशेटजी टाटा आणि गिरणीतील हवा

नंदुरबारकडील मुलांना वैशाखातील उन्हाची ओळख करून द्यावयास नको. तापीच्या खोऱ्यात दुपारी वारा सुटला, तरी तो अंग भाजीतच येतो. अशाच कडक उन्हाच्या नागपुरास एका उद्योगपतीने कापसाची गिरणी काढली आणि यंत्रांइतकीच यंत्रांभोवतीच्या हवेचीही काळजी वाहिली. ते जमशेटजी नसरवानजी टाटा होत.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नंदुरबारच्या पश्चिमेस, गुजरातेतील नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण संपवून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. पुढे इंग्लंडात जाऊन त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या बारकाईने पाहिल्या. तेथील हवा सर्द असते. तंतूंत ओलावा टिकला म्हणजे सूत चिवट राहते. हवा कोरडी पडली की ते चात्यांवर वारंवार तुटते. शिवाय घर्षणाने वीज साठून तंतू एकमेकांपासून फाकतात. लँकेशायरला सर्द हवा निसर्गाने दिली होती. नागपूरला तसे भाग्य नव्हते.

तरीही जमशेटजींनी नागपूरच निवडले, कारण कापूस पिकतो तेथेच गिरणी असावी, असा त्यांचा हिशेब होता. दलदलीची जागा भरून काढण्यात पैसा ओतणे पुष्कळांना वेडेपणाचे वाटले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस गिरणी सुरू झाली. पुढे तीत हवा खेळती राखण्याची व्यवस्था झाली, आणि हवेत ओलावा सोडणारी यंत्रे व आग विझविणारे फवारे बसविण्यात आले. त्या काळी हिंदुस्थानातील गिरण्यांत अशी सोय दुर्मिळच होती. तिचा लाभ केवळ सुताला नव्हता. कोंदट जागी कापसाची धूळ मजुरांच्या छातीत जाते; हिशेबाच्या वहीत मात्र तुटलेले सूत दिसते, खोकला दिसत नाही.

आज संगणकांची दालने राखणाऱ्यांनाही हीच विद्या लागते. संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सारी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून त्यांच्या कपाटांत थंड हवा पुढून घेतात, तापलेली मागून काढून नेतात आणि दोन्ही मिसळू देत नाहीत. नुसती गार हवा ओतून भागत नाही. ती कोठून शिरते व कोठून निघते, हे पाहावे लागते. हवा फार कोरडी झाली तर तेथेही वीज साठते, फार दमट झाली तर दव धरते.

उत्तर आयुष्यात जमशेटजींनी मुंबईच्या समुद्रकाठी ताजमहाल हॉटेल उभारले. तेथे विजेचे दिवे, विजेचे पंखे आणि बर्फाचा स्वतःचा कारखाना होता. डिसेंबर १९०३ मध्ये ते पाहुण्यांना खुले झाले. त्यानंतर सहा महिनेही लोटले नव्हते, तोच १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नौहाइम येथे त्यांचे निधन झाले.