डॉ. आनंदीबाईंची परदेशातली तीन वर्षे

निरगुडसरसारख्या गावातून एखादी मुलगी इंटर्नशिपसाठी परदेशी निघाली, की बॅगेत भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी भरली जाते. चवीची सोय होते. पण तिथली थंडी, खोलीतली हवा आणि रोजचे पोषण यांचा विचार बहुतेक वेळा मागे राहतो. तो किती महत्त्वाचा आहे, हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रातून समजते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनात राहिले आणि डॉक्टर होण्याचा निश्चय पक्का झाला.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या पतीला सोबत न घेता कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना उन्हाळाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतले. नव्या देशातले पहिले महिने घरच्यासारख्या माणसांत गेले, हा मोठा आधार होता. पुढे फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि तीन वर्षांसाठी एकूण ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही.

खरी परीक्षा तिथे सुरू झाली. खोलीतल्या शेगडीचा धूर बाहेर जात नसे. शेगडी पेटवली तर धूर, विझवली तर कडाक्याची थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. आहार शाकाहारीच ठेवला. अभ्यास सांभाळून स्वयंपाकही स्वतःच करायचा. जीवनसत्त्व ही कल्पनाच विज्ञानात अजून आलेली नव्हती. मांसाहार नसेल तर प्रथिने, लोह आणि बी-१२ कशातून भरून काढायचे, हे सांगणारे कोणी नव्हते.

प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही ठरली होती. पण त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या.

क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले होते. पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. अपुरे पोषण आणि सततचा थकवा यांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते, आणि अशा वेळी क्षयाचे जंतू डोके वर काढतात. आज क्षयावर औषधे आहेत, नियमित घेतली तर रोग बरा होतो.

म्हणून परदेशी जाण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. तिथे डाळी, दूध, दही, अंडी यांपैकी जे चालते ते रोज खा. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड पेटवू नका. वजन विनाकारण घटू लागले किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आनंदीबाईंच्या जिद्दीला तोड नव्हती. पण जिद्दीला शरीराची साथ लागते, आणि ती साथ टिकवणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.